सागरापलीकडील मायबोली

हिंदी महासागरात, मुंबईपासून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावर, मॉरिशस नावाचे एक बेट आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाइतकेही त्याचे क्षेत्रफळ नाही. परंतु भाद्रपद महिना आला, की ह्या चिमुकल्या बेटावर मराठी आरत्यांचे स्वर घुमू लागतात. इतक्या दूर मराठी भाषा पोचली तरी कशी आणि टिकली तरी कशी?

१८३५ साली मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. त्यामुळे उसाच्या मळ्यांवर मजुरांची वाण पडली. ती भरून काढण्यासाठी १८३४ ते १९२० ह्या काळात सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर त्या बेटावर उतरविण्यात आले. त्यांपैकी बहुतेक जण हिंदुस्थानातील होते. पोर्ट लुई बंदरातील ज्या धक्क्यावर ते उतरत, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसास्थळ म्हणून ओळखला जातो. ह्या मजुरांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. ती संख्येने थोडी होती.

गाठोड्यात चार वस्त्रांखेरीज त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते; मात्र ओव्या, अभंग आणि आरत्या त्यांना मुखोद्गत होत्या. दिवसभर ऊस तोडून थकलेली माणसे सायंकाळी एकत्र जमत. अशा जागेला तेथे 'बैठका' म्हणत. तेथे वडीलधारी मंडळी मुलांना अक्षरे गिरवायला लावीत, कथा सांगत. कोकणातील जाखडी नृत्य तेथे 'झाकरी' ह्या नावाने आजही नाचले जाते.

परंतु काळ कोणासाठी थांबत नाही. बाजारात क्रिओल, वर्तमानपत्रांत फ्रेंच आणि कचेरीत इंग्रजी, अशा तीन भाषा मुलांच्या कानी पडू लागल्या. आजी मराठीत विचारी आणि नातू क्रिओलमध्ये उत्तर देई. पुढे त्या नातवाच्या मुलांना आजीचा प्रश्नही कळेनासा झाला. आज तेथील बहुतेक मराठी घरांत क्रिओलच बोलली जाते.

तरीही त्या समाजाने धीर सोडला नाही. १९६८ साली देश स्वतंत्र झाला. तेथील शाळांत मराठी शिकविली जाते. मोका येथे १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते. मराठी नाटकांच्या स्पर्धा होतात आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते.

ह्या प्रयत्नांतून एक गोष्ट ध्यानी येते. सण, नृत्य आणि आरत्या पाठांतराने टिकतात. भाषा मात्र नुसत्या पाठांतराने टिकत नाही. अर्थ न कळता म्हटलेली आरती गोड वाटेल, पण तिच्यातून आजीशी बोलता येणार नाही. वापरातला नांगर गंजत नाही, तसेच भाषेचे आहे. ती शाळेत शिकावी लागते, आणि घरी येऊन बोलावीही लागते.