कृत्रिम खुबा आणि घोड्यावरची मांड

२०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक ब्रिटनच्या निक स्केल्टन यांनी मिळविले. तेव्हा त्यांचे वय ५८ होते. २००० साली घोड्यावरून पडून त्यांची मान मोडली होती, आणि २०११ साली त्यांच्या खुब्याचा झिजलेला सांधा काढून तेथे कृत्रिम सांधा बसविण्यात आला होता. असा सांधा घेऊन त्यांनी ऑलिम्पिकचे अडथळे ओलांडले. दुसरीकडे, हीच शस्त्रक्रिया झालेल्या साध्या माणसाला डॉक्टर बजावतात की, खाली मांडी घालून बसू नका, पायावर पाय टाकू नका. मग यातले खरे काय? दोन्ही खरे आहे. ते कसे, हे समजायला शाळेतले यंत्रशास्त्र पुरेसे आहे.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो. चालताना आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या वेळी शरीराचे वजन सांध्याच्या आतल्या बाजूला, शरीराच्या मध्यरेषेजवळ असते आणि तोल सावरणारे स्नायू बाहेरच्या बाजूने ओढत असतात. ही एक तरफच आहे. स्नायूंची भुजा आखूड असल्यामुळे त्यांना वजनापेक्षा जास्त बल लावावे लागते, आणि टेकूवर, म्हणजे सांध्यावर, दोन्ही बलांची बेरीज पडते. बर्लिनमधील गेओर्ग बर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलमापक बसविलेले कृत्रिम सांधे रुग्णांमध्ये वापरून हे प्रत्यक्ष मोजले. साध्या चालण्यात सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट बल येते, तर अडखळल्यावर ते आठपटीपर्यंत जाते.

आता स्वाराचा विचार करू. तो खोगिरावर बसला की त्याचे बरेचसे वजन बैठकीच्या हाडांतून खोगिरावर उतरते. वर सांगितलेली तरफ येथे तशी काम करीत नाही. घोडा दुडक्या चालीने निघाला आणि स्वार रिकिबीत उठूबसू लागला, किंवा उडीनंतर घोडा जमिनीवर टेकला, की भार पायांवर येतो. पण संथ चालीत सांध्याला मोठा ताण पडत नाही. धोका आहे तो इतरत्र.

लहान गोळा की मोठा?

इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे जॉन चार्नले यांनी आजच्या कृत्रिम खुब्याचा पाया घातला. त्यांनी आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. सुमारे तीनशे रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्यावर कळले की टेफ्लॉन फार वेगाने झिजते आणि त्याच्या कणांमुळे भोवतालच्या ऊतींना इजा होते. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी अतिशय मोठ्या रेणुभाराचे पॉलिएथिलीन वापरले आणि ते टिकले. त्यांनी धातूचा गोळा मुद्दाम लहान, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा ठेवला. नैसर्गिक माथा साधारण ४५ ते ५० मिलिमीटरचा असतो. गोळा लहान असला की घर्षणामुळे वाटीला पिरगळणारे बल लहान त्रिज्येवर काम करते, आणि वाटी सैल होण्याचा संभव कमी होतो.

परंतु लहान गोळ्याचा एक तोटा आहे. अर्धगोल वाटीतून निसटायला गोळ्याला साधारण आपल्या त्रिज्येएवढे सरकावे लागते. २२ मिलिमीटरच्या गोळ्याला ११ मिलिमीटर पुरतात, ३६ मिलिमीटरच्या गोळ्याला १८ लागतात. वर्गात हे असे दाखविता येईल : रबरी चेंडूत पेन्सिल खोचा, चेंडू त्याच्याच मापाच्या करवंटीत ठेवा आणि पेन्सिल कलती करीत न्या. पेन्सिल काठाला टेकेपर्यंत चेंडू नुसता फिरतो. टेकल्यानंतरही रेटा दिला, तर काठ टेकू बनतो आणि चेंडू बाहेर उचलला जातो. खुबा निखळतो तो असाच. जाडी तीच ठेवून गोळा मोठा केला की पेन्सिल काठाला उशिरा टेकते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रारणांच्या साह्याने रेणूंमध्ये जास्तीचे दुवे निर्माण केलेले, फार कमी झिजणारे पॉलिएथिलीन आले. त्यामुळे ३२ किंवा ३६ मिलिमीटरचे गोळे वापरणे शक्य झाले.

चढणे, उतरणे आणि पडणे

शस्त्रक्रिया मागच्या बाजूने केली असेल, तर तेथील आवरण आणि स्नायू कापून पुन्हा शिवलेले असतात. अशा वेळी सांधा काटकोनापेक्षा जास्त दुमडणे, पाय मध्यरेषेपलीकडे नेणे आणि पाऊल आत वळविणे या तीन हालचाली एकत्र आल्या की गोळा मागे निसटू शकतो. खोगिरावर मांड घालून बसलेल्या स्वाराच्या मांड्या फाकलेल्या असतात, म्हणजे तो या स्थितीपासून दूर असतो. पण घोड्यावर चढताना जमिनीवरून डावे पाऊल उंच रिकिबीत घालावे लागते. तेव्हा खुबा काटकोनापलीकडे दुमडतो आणि धड पुढे झुकते. डावा सांधा बदललेला असेल, तर घोड्यावर बसण्यापेक्षा चढण्यात अधिक जोखीम आहे. उपाय सोपा आहे : ओट्यावर उभे राहून चढावे, आणि उतरताना उडी न मारता ओट्यावरच उतरावे. शस्त्रक्रिया पुढून केली असेल, तर धोक्याची दिशा उलटी असते. पाय मागे नेऊन बाहेर वळविणे तेव्हा टाळावे लागते.

घाई का करू नये, यालाही कारण आहे. सिमेंटशिवाय बसविलेल्या सांध्याच्या खडबडीत पृष्ठभागात पहिल्या काही आठवड्यांत हाड वाढून रुतते. या काळात धातू आणि हाड यांत सुमारे १५० मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे दोन केसांच्या जाडीपेक्षा, जास्त हालचाल होत राहिली, तर हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊती तयार होते आणि सांधा पक्का बसत नाही. म्हणून अनुभवी स्वारालाही साधारण तीन ते सहा महिने थांबायला सांगतात.

सर्वांत मोठी जोखीम पडण्याची. उभ्या माणसाचा खुबा जमिनीपासून सुमारे ०.९ मीटर उंच असतो, घोड्यावर तो सुमारे १.६ मीटर उंचीवर जातो. ७० किलोग्रॅम वस्तुमान धरले, तर mgh या सूत्राने ऊर्जा सुमारे ६२० जूलवरून ११०० जूलवर जाते. धावत्या घोड्याचा वेग त्यात वेगळा मिळतो. अशा आघाताने धातूचा दांडा क्वचितच मोडतो, मोडते ते त्याच्या भोवतालचे हाड. टायटॅनियमचे मिश्रधातू हाडाच्या पाचसहा पट ताठ असतात. ओली फांदी लोखंडी नळीत निम्मी खोचून वाकविली, तर ती नळीच्या तोंडाशीच मोडते, कारण ताठपणा जेथे एकदम बदलतो तेथे ताण एकवटतो. दांड्याच्या टोकाशी हाडाचे तसेच होते. नुसते हाड मोडले तर ते बहुधा सांधते. दांड्याभोवतीचे मोडले, तर पुष्कळदा सांधाच पुन्हा बदलावा लागतो, आणि ही शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा पुष्कळ अवघड असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. वर्षानुवर्षे मांड पक्की असलेला स्वार शांत घोड्यावर बसतो, तेव्हा त्याच्या पडण्याचा संभव कमी असतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच घोड्यावर बसू पाहणाऱ्याचा तो जास्त असतो. म्हणूनच डॉक्टर पहिल्याला परवानगी देतात आणि दुसऱ्याला बहुधा नकार देतात. दोघांच्या खुब्यातला सांधा अगदी सारखा असला, तरी उत्तर वेगळे येते. डॉक्टरांना नुसते 'घोड्यावर बसू का?' असे विचारून भागत नाही. कोणत्या बाजूने शस्त्रक्रिया झाली, चढायचे कसे, उतरायचे कसे आणि पडलो तर काय, हेही विचारावे. जिवंत हाड आपली डागडुजी स्वतः करते. धातू आणि प्लॅस्टिक यांना ती सोय नाही. त्यांच्या वतीने काळजी स्वारालाच घ्यावी लागते.