चीक, कढी आणि तेलाचे थेंब

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या सडकेवरील अनसिंगसारख्या वऱ्हाडी गावात उन्हाळा भरास आला, की घरोघरी कुरडयांची तजवीज सुरू होते. आणि ज्या पदार्थास रसायनशास्त्र स्टार्च म्हणते, तो जवळजवळ शुद्ध स्वरूपात काढण्याची समग्र विद्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या साहाय्यावाचून स्वयंपाकघरात आणि अंगणात पार पडते. गहू तीन दिवस भिजत घालावयाचा, पाणी रोज बदलावयाचे, दाणा चिमटीत चिरडताच पांढरे दूध सुटू लागले म्हणजे तो वाटून, फडक्यातून पिळून चोथा वेगळा करावयाचा, आणि उरलेले दुधट पाणी रात्रभर निश्चल ठेवून सकाळी वरची आंबूस वासाची निवळ हलक्या हाताने ओतून द्यावयाची. मग पातेल्याच्या तळाशी जो पांढराशुभ्र थर उरतो, जो बोटाने जोरात दाबला असता कठीण लागतो आणि उचलला असता संथपणे ओघळतो, तो चीक होय. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे मक्याच्या स्टार्चचा मोठा कारखाना आहे. अशा कारखान्यांतही भिजवणे, दळणे, गाळणे आणि जड कण वेगळे करणे हाच क्रम असतो, मात्र भिजवणीच्या पाण्यात अल्प सल्फर डायऑक्साइड घालतात, आणि रात्रभर निवळण्याचे काम गरगर फिरणारी यंत्रे थोड्या अवधीत उरकतात. कुरडया करणाऱ्या स्त्रियांच्या या ज्ञानाची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांनी घेतलेली नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

थंड पाण्यात स्टार्चचे कण विरघळत नाहीत, म्हणूनच तर चीक तळाशी बसतो. परंतु उष्णता मिळाली, मक्याच्या बाबतीत सुमारे 62 ते 72 अंश सेल्सिअस, की ते पाणी शोषून कित्येक पटींनी फुगतात, त्यांतील अमायलोजच्या लांबलचक साखळ्या बाहेर झिरपतात, आणि सारे मिश्रण दाट व चिकट होते. कढीचे मर्म येथेच आहे. नुसते आंबट ताक आधणावर ठेवले, तर त्यातील केसिन हे प्रथिन गोळा होऊन पाणी निराळे पडते व कढी फुटते. तेच ताक बेसन लावून सतत ढवळीत तापविले, तर फुगलेले स्टार्च प्रथिनांच्या कणांना परस्परांस चिकटू देत नाही आणि स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंबही जागच्या जागी धरून ठेवते. पीठ थंड ताकातच कालवावे, हा सुगरणींचा दंडक याच कारणाने पडला. गरम ताकात पडलेल्या पिठाचे बाहेरचे कण तत्काळ फुगून आतील कोरड्या पिठाभोवती कवच धरतात आणि गुठळ्या होतात. न्यायाने सांगावयाचे, तर बेसनाच्या या पराक्रमात हरभऱ्याच्या प्रथिनांचाही वाटा आहे.

तेल आणि पाणी कितीही घुसळले, तरी तेलाचे थेंब एकमेकांत मिसळत, मोठे होत, वर चढतात. तर्री हवी असलेल्या रश्श्यात ही गोष्ट इष्टच, पण पायसात, म्हणजे ज्या द्रवात एका द्रवाचे थेंब दुसऱ्यात विखुरलेले टिकावयास हवेत, त्यात ती घातक ठरते. थेंब वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि द्रव जितका दाट तितका मंदावतो, हा स्टोक्सचा नियम. साधे स्टार्च द्रवास दाट करून थेंबांची वाट अडविते खरे, पण तेलाशी त्याचे स्वतःचे सख्य फारसे नसल्याने त्यास खरा पायसकारक म्हणता येत नाही.

ही उणीव भरून काढणारे पेटंट अमेरिकेतील कॉल्डवेल व वुर्झबर्ग यांच्या नावे 1953 साली नोंदले गेले. स्टार्चच्या साखळीवर ऑक्टेनिल सक्सिनिक अ‍ॅनहायड्राइडची सौम्य अल्कलीमध्ये प्रक्रिया केली, की तिला ठिकठिकाणी आठ कार्बनांचे तेलप्रिय शेपूट जडते. हे शेपूट तेलाच्या थेंबात रुतते, पाण्याची आवड असलेली साखळी बाहेर पसरते, आणि प्रत्येक थेंबाभोवती असे आवरण बसले म्हणजे थेंब परस्परांत विलीन होत नाहीत. खाद्यपदार्थांसाठी या अभिकारकाचे प्रमाण स्टार्चच्या वजनाच्या 3 टक्क्यांहून अधिक असू नये, असा दंडक आहे. संत्र्याच्या सुगंधी तेलाचे थेंब शीतपेयात तरंगत ठेवण्याचे काम पूर्वीपासून सुदानकडून येणारा डिंक करीत असे. त्या मुलखातील अवर्षणांनी आणि अस्थिरतेने डिंकाची आवक बेभरवशाची होऊ लागली, तेव्हा कारखानदार या नव्या स्टार्चकडे वळले. सुगंधी तेले व जीवनसत्त्वे फवारून वाळविताना त्यांवर बसणारे आवरणही बहुधा याच स्टार्चचे असते.

रासायनिक प्रक्रियेवाचूनही एक मार्ग आहे, आणि तो मला विशेष मनोहर वाटतो. पुरेसे सूक्ष्म घन कण तेल व पाणी यांच्या सीमेवर दाटीने बसले, तर तेही थेंबांस विलग राखतात. 1907 साली पिकरिंग या इंग्रज रसायनज्ञाने याचे विवेचन केले आणि अशा पायसांस त्याचेच नाव मिळाले. येथे कणांचा आकार निर्णायक असतो. बटाट्याच्या स्टार्चचे कण शंभर मायक्रॉनपर्यंत मोठे, तांदळाचे अवघे काही मायक्रॉनांचे, आणि उपवासाच्या राजगिऱ्याचे तर सुमारे एकाच मायक्रॉनचे. त्यामुळे आपल्याकडे लाडूपलीकडे क्वचितच पोहोचणाऱ्या या दाण्याकडे संशोधकांचे लक्ष गेले, यात नवल नाही.

खाद्याबाहेरचा व्यवहारही मोठा आहे. कापसाच्या या मुलखास सुताला खळ लावणे ठाऊक आहे. कागदगिरण्यांत मात्र शाई फुटू नये म्हणून वापरावयाचे तेलकट, जलरोधक द्रव्य पाण्यात एकजीव करण्यासाठी धनभारित स्टार्च योजतात, कारण ते द्रव्य पाण्यात नुसते टाकले तर कागदाच्या तंतूंवर सारखे बसत नाही.

वाशीम जिल्ह्याच्या शिवारात पसरलेल्या सोयाबीनच्या तेलातून निघणारे लेसिथिन हाही एक पायसकारकच, आणि तयार पदार्थांच्या पाकिटांवर तो 322 या आकड्याने ओळखला जातो. आपले धान्य कोणत्या रूपाने आपल्याकडे परत येते, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलांना वाचता यावे असे मला वाटते. वर सांगितलेले प्रक्रियायुक्त स्टार्च 1450 या आकड्याखाली येते, तर सॉसमध्ये पुष्कळदा आढळणारे 1422 हेही स्टार्चचेच एक परिवर्तित रूप, पण त्याची नेमणूक तेल धरण्यासाठी नसून केवळ दाटपणासाठी झालेली असते.