थंडीत कुंडीला पाणी किती?

काल शेजारच्या काकी पिवळा पडलेला मनीप्लांट घेऊन आल्या. "रोज पाणी घालतंय, तरी ह्यां असां कित्या?"

कारण तेच, रोजचं पाणी! मालवणात थंडी बेताचीच, पण डिसेंबर-जानेवारीत दिवस लहान असतो. झाडाची वाढ मंदावते, मुळं पाणी कमी ओढतात आणि सतत ओल्या मातीत कुजतात.

बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी. स्नेक प्लांटला त्याहूनही कमी.

पानांची टोकं करपतायत? विहिरीचं पाणी मचूळ आहे का बघा. क्षार मातीत साठतात. खाऱ्या वाऱ्याचा पानांवरचा थर ओल्या फडक्याने पुसा.

पानाखाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी! पानं पाण्याने धुवा.

काही अडलं तर कुंडीचा फोटो टाका, बघून सांगतो.