अक्षर पदरावर उतरताना

कागदावर सुलेखन करणाऱ्याने कापड हाती घेतलं की पहिली अडचण शाईची येते. कागदाला कारखान्यातच खळ दिलेली असते, म्हणून शाई टेकवली तिथेच थांबते. सुती कापडात ती धाग्याधाग्याने पसरत जाते. ‘ब’च्या पोटातली रेघ पोटातच विरते, अनुस्वाराचा डाग होतो, आणि बोरूने दिलेला जाड-बारीकपणा दिसेनासा होतो. म्हणून कापडावरच्या सुलेखनातली निम्मी मेहनत लिहिण्याआधीच करावी लागते.

आंध्र प्रदेशातल्या श्रीकालहस्तीच्या कलमकारी कारागिरांनी ही अडचण फार पूर्वीच सोडवली आहे. देवळांसाठी ते जे मोठे पडदे रंगवतात, त्यांत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांसोबत तेलुगू मजकूरही हातानेच लिहिलेला असतो. ही कला मागे पडत चालली होती. १९५० च्या दशकात कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने तिला पुन्हा बळ मिळालं. तिथली काळी शाई देवनागरीलाही उत्तम मानवते, आणि तिला लागणारा हिरडा तर आपल्या सह्याद्रीतच मिळतो.

सुरुवातीला साधा मांजरपाट घ्यावा. कोऱ्या कापडात मागावरची कांजी असते. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ते उकळून भरपूर पाण्यात खळबळून काढायचं. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघावा. लगेच जिरला तर कापड तयार, वरच थांबला तर पुन्हा उकळावं. मग वाळलेल्या हिरड्याच्या सालीची पूड म्हशीच्या कच्च्या दुधात कालवून कापड त्यात बुडवायचं, पिळायचं आणि उन्हात वाळवायचं. हिरड्यातलं टॅनीन धाग्यात मुरतं, तर दुधातली स्निग्धता आणि प्रथिनं शाईला पसरू देत नाहीत. या दोन कामांपैकी एकही गाळून चालत नाही. कापडाला आता फिकट पिवळट छटा येते.

शाईला तिकडे कसिमी म्हणतात. गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून मडक्यात आंबवत ठेवतात. तीनेक आठवड्यांत गुळाच्या आंबण्यातून तयार झालेलं आम्ल लोखंड विरघळवतं. गाळून घेतलेलं पाणी फिकट तपकिरीच दिसतं. काळा रंग मडक्यात नसतोच. तो कापडावर, लोखंड आणि टॅनीन एकत्र आल्यावर धाग्यातच तयार होतो.

कलम बांबूची. टोकाच्या थोडं वर लोकरीची गुंडी दोऱ्याने घट्ट बांधलेली असते. ती शाई धरून ठेवते आणि बोटांनी हलकेच दाबली की शाई टोकाकडे उतरते. श्रीकालहस्तीत रेषा काढायला हे टोक अणकुचीदार ठेवतात. देवनागरीसाठी ते बोरूसारखं पसरट आणि तिरकं छाटावं. मजकूर आधी कागदावर खऱ्या आकारात लिहून घ्यावा. मग चिंचेच्या काटक्यांच्या कोळशाने कापडावर जागा पुसट आखून घ्यावी. तो कोळसा धुण्यात निघून जातो.

लिहिताना रेघ आधी जेमतेम दिसते, आणि बघता बघता गडद होत जाते. शिरोरेषा ओढायला हात येईपर्यंत पहिल्या अक्षराचा दांडा काळा पडलेला असतो. सुलेखनकाराला हा क्षण पाहायला मिळावा, असं मला मनापासून वाटतं. मात्र इथे खाडाखोड नाही. फिकट दिसतंय म्हणून दुसऱ्यांदा कलम फिरवू नये, कारण जास्तीचं लोखंड पुढे सुताला कमजोर करतं. पूर्ण वाळल्यावर कापड वाहत्या पाण्यात पसरून धुवावं. बादलीत बुचकळलं तर सुटलेला काळा रंग उरलेल्या पिवळट भागावर बसतो. श्रीकालहस्तीचे कारागीर याच कारणासाठी स्वर्णमुखी नदीवर जात.

आता हे कापड अंगावर येणार, याचा विचार लिहिण्याआधी हवा, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त राहून जातो. साडीचा ताणा लांबीच्या दिशेने जातो. कमरेभोवती साडी आडवी असते, म्हणून अंगावरची ओळ ताण्याच्या दिशेने लिहावी, अक्षरांचे पाय खालच्या काठाकडे. पदर मात्र खांद्यावरून पाठीवर उभा लोंबतो. तिथे शिरोरेषा बाण्याच्या म्हणजे आडव्या धाग्याच्या दिशेने यायला हवी, आणि अक्षरांचे पाय पदराच्या टोकाकडे. एकाच साडीत अक्षर असं काटकोनात वळवावं लागतं. निऱ्यांच्या भागात शब्द लिहू नयेत, ते तुटतात. तिथे सुटे ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ शोभतात, कारण अर्धं घडीत गेलेलं अक्षरही आकार म्हणून उभं राहतं. पदरावर लांबलचक मजकूर लिहिण्याचा मोह मला पटत नाही. एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिला तरी कापड भरून जातं. छत्तीसगडमधल्या रामनामी पंथाची वस्त्रं पाहावीत: पांढऱ्या कापडावर फक्त काळं ‘राम’, ओळीमागून ओळ.

एवढा खटाटोप जमत नसेल तर बाजारातले कापडाचे तयार रंग आहेत. वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री केली की ते पक्के होतात. बऱ्याच प्रती हव्या असतील तर कागदावरच्या अक्षराची फिल्म काढून स्क्रीन बनवतात. जाळीच्या छिद्रांतून रंग उतरत असल्याने केसासारख्या बारीक रेघा आणि कोरड्या कुंचल्याचे फटकारे त्यात बरेचसे हरवतात. म्हणून स्क्रीनसाठी मुद्दाम जाड टोकाने, मोठं लिहावं.

कसिमीने लिहिलेला पदर सौम्य साबणाने वेगळा धुवावा आणि सावलीत वाळवावा. तो आंबटापासूनही जपावा. लिंबू, चिंच किंवा सोलकढी सांडली तर लगेच पाण्याखाली धरावा, कारण आम्लाने हा लोखंडी काळा रंग विरघळून फिका पडतो.