चावीवाला नसलेला नळ

आपल्याकडे बऱ्याच गावांत आणि शहरांत पाणी सोडणारा चावीवाला असतो. त्याला गाठून "काल आमच्या आळीत पाणी का नाही सोडलंस?" म्हणून भांडता येतं, नगरसेवकाकरवी दमही देता येतो. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या सोवेटो भागात फिरी नावाची वस्ती आहे. तिथे 2004 च्या सुमारास जी व्यवस्था आली, तिच्यात भांडायला असा माणूसच नव्हता. घराच्या नळाआधी मीटर आणि मीटरला जोडलेला व्हॉल्व्ह. महिन्याला 6 हजार लिटर पाणी फुकट. ते संपलं की व्हॉल्व्ह आपोआप बंद. पुढचं पाणी हवं असेल तर मोबाइलच्या रिचार्जसारखे आगाऊ पैसे भरायचे.

शहराची बाजूही ऐकण्याजोगी होती. जोहान्सबर्गची पाणी कंपनी विकत घेत असलेल्या पाण्यापैकी पाव ते एक तृतीयांश पाणी सोवेटोत जायचं आणि तिथून महसूल यायचा जेमतेम 1 टक्का. वर्णभेदाच्या काळात टाकलेले पाइप गंजून फुटलेले होते. मीटर नव्हतेच. दर घराने 20 हजार लिटर वापरलं असं धरून सरसकट बिल काढलं जायचं आणि ते फारसं कोणी भरत नसे. म्हणून नवे पाइप, गळती दुरुस्ती आणि प्रीपेड मीटर अशी एकत्रित मोहीम आखली गेली. पाइप बदलण्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. भांडण पेटलं ते व्हॉल्व्हवरून.

6 हजार लिटरचा हिशेब करून बघा. दिवसाला 200 लिटर. घरात आठ माणसं धरली, तर माणशी 25 लिटर. पण फिरीतल्या एकेका प्लॉटवर पुढे घर, मागे भाडेकरूंच्या पत्र्याच्या खोल्या, असा वीस-वीस माणसांचा पसारा. त्यांच्या वाट्याला येतात माणशी 10 लिटर. जुन्या पद्धतीच्या संडासात एकदा फ्लश केलं की जवळपास तेवढंच पाणी जातं. आपल्या जल जीवन मिशनचं खेड्यांसाठीचं प्रमाणसुद्धा माणशी 55 लिटर आहे. मीटर लिटर मोजतो, माणसं मोजत नाही, ही या यंत्राची मूळ खोट.

ज्यांना प्रीपेड नको होतं त्यांच्यासाठी पर्याय होता अंगणातला एक नळ. तो घरात किंवा संडासाला जोडायची मुभा नव्हती. दोन्ही नाकारलं तर पाणीच बंद. शेवटी लिंडीवे माझिबुको आणि इतर चार रहिवासी कोर्टात गेले. पुरेसं पाणी मिळण्याचा हक्क 1996 च्या दक्षिण आफ्रिकी राज्यघटनेतच लिहिलेला आहे, त्यामुळे खटल्याकडे जगाचं लक्ष होतं. 2008 च्या एप्रिलमध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती त्सोका यांनी माणशी 50 लिटर द्या असा निकाल दिला आणि प्रीपेड मीटर बेकायदा ठरवले. श्रीमंत उपनगरांत महिनाअखेर बिल येतं, थकलं तर आधी नोटीस मिळते, मुदत मिळते. सोवेटोत मात्र नोटिशीविना नळ कोरडा, हा भेद त्यांना खटकला. अपील कोर्टाने 50 चे 42 लिटर केले. 2009 च्या ऑक्टोबरमध्ये घटना न्यायालयाने सगळंच उलटवलं. फुकट पाणी संपल्यावर नळ बंद होणं म्हणजे पुरवठा तोडणं नव्हे, तो तात्पुरता स्थगित होणं, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या भाषेत हे बसत असेलही. वीस तारखेला रिकामी बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईला यातला फरक कोण समजावणार? लढा मात्र अगदीच वाया गेला नाही. खटला चालू असतानाच शहराने नोंदणीकृत गरीब घरांचं फुकट पाणी वाढवलं.

केपटाउनने दुसरी तऱ्हा काढली. तिथल्या यंत्रात गरीब घराला दिवसाला 350 लिटरची मर्यादा असे. ती गाठली की दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत नळ बंद. यंत्र घेतलं की जुनी थकबाकी माफ आणि घरातली गळती एकदा दुरुस्त करून मिळायची. कागदावर छान. आता आतलं यंत्र बघा: मीटरचं चक्र फिरतं, ठरावीक लिटरमागे एक विद्युत स्पंद जातो, छोटं सर्किट हे स्पंद मोजतं आणि बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्ह बंद करतं. बॅटरी संपली किंवा वाळूचा कण अडकला की रहिवाशाने काय करायचं? त्याहून छळणारी गोष्ट गळतीची. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर खातो; संडासाच्या टाकीचा वॉशर गेला तर शेकडो लिटर, आणि तेही आवाज न करता. यंत्राच्या लेखी तो तुमचाच वापर. दिवसभर टाकी गळाली, तर संध्याकाळी पोरांच्या आंघोळीच्या वेळी तुमचा कोटा निम्मा झालेला. 2017-18 च्या भीषण दुष्काळात हीच यंत्रं जास्त पाणी वापरणाऱ्या घरांवरही सक्तीने बसवली गेली. तेव्हा कुठे सुखवस्तू घरांनाही त्याची चव कळली. पुढे शहराने ही यंत्रं काढून साधे मीटर बसवायला सुरुवात केली.

ब्रिटनमध्येही काही कंपन्यांनी प्रीपेड यंत्रं आणली होती. 1998 मध्ये कोर्टाने ती बेकायदा ठरवली आणि 1999 च्या कायद्याने बिल थकलं म्हणून घरगुती पाणी तोडायलाच बंदी घातली.

मला मीटरचं वावडं नाही. कराडजवळच्या मलकापूरने घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, जास्त वापराला चढता दर लावला, आणि लोकांनी आपणहून नळ आवरले. मोजणं आणि तोडणं ही दोन कामं वेगळी आहेत. एकाच डबीत बसतात म्हणून ती एकत्रच घ्यायला हवीत असं नाही. टँकरच्या पैशांवरून भांडणाऱ्या मोठ्या शहरांतल्या सोसायट्यांत आता फ्लॅटनिहाय मीटर येताहेत, आणि काहींत ॲपवरून बंद करता येणारा व्हॉल्व्हही सोबत येतो. विक्रेता गळतीचा इशारा मोबाइलवर येतो हे कौतुकाने सांगेल. सर्वसाधारण सभेत हात वर करण्याआधी त्याला एवढं विचारा: थकबाकीदाराच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करायचं बटण कुणाच्या फोनमध्ये असणार, आणि त्याआधी नोटीस किती दिवसांची?