आकड्यांचे वेड आणि आकड्यांचा बाजार

१३ मे २०२५ रोजी अमेरिकेतील बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी सतरा मृत व्यक्तींवरील बहिष्कार उठविला. त्यांत सोळा खेळाडू होते आणि एक संघमालक. यांपैकी काहीजण तर १९२१ सालापासून वाळीत पडलेले होते. आयुक्तांचा युक्तिवाद मोठा मासलेवाईक होता. जो मनुष्य हयात नाही त्याच्यापासून खेळाच्या सचोटीला धोका संभवत नाही, सबब आजन्म बहिष्काराची मुदत मृत्यूबरोबर संपली असे समजावे, असा तो युक्तिवाद. या सतरा जणांतील सर्वांत अलीकडचे आणि सर्वांत गाजलेले नाव पीट रोझ याचे. तो ३० सप्टेंबर २०२४ रोजी वारला. आपली सुटका पाहण्यास तो उरला नाही.

रोझच्या नावावर ४,२५६ फटक्यांची नोंद आहे. चेंडू टोलवून सुखरूप 'बेस' गाठण्याचा हा उच्चांक. ११ सप्टेंबर १९८५ रोजी त्याने टाय कॉब याचा ४,१९१ फटक्यांचा जुना विक्रम मागे टाकला, तेव्हा तो सिनसिनाटीच्या संघाचा खेळाडू होता आणि व्यवस्थापकही. त्याच काळात तो बेसबॉलच्या सामन्यांवर पैजा लावीत होता, स्वतःच्या संघाच्या सामन्यांवरसुद्धा. ऑगस्ट १९८९ मध्ये तत्कालीन आयुक्त बार्ट जियामाटी यांनी त्याला कायमचे दूर केले. रोझने पुढील जवळजवळ पंधरा वर्षे साफ इन्कार केला आणि २००४ साली कबुली दिली. बेसबॉलचा एकविसावा नियम, म्हणजे जुगारबंदीचा नियम, प्रत्येक संघाच्या खेळाडूंच्या खोलीत भिंतीवर लावलेला असतो. खेळाडू म्हणून चोवीस हंगाम रोझ त्या भिंतीसमोर कपडे बदलत होता.

मॅनफ्रेड यांच्या निर्णयाने बेसबॉलच्या चाहत्यांतील एका जुन्या वादाला पुन्हा तोंड फुटले यात नवल नाही. नवल आहे ते त्या वादाच्या भाषेचे. हे चाहते आकड्यांत बोलतात. एखाद्या खेळाडूचे नाव निघाले की त्याची सरासरी निघते, सरासरीमागून साल निघते आणि सालामागून त्या वर्षीच्या उन्हाळ्याची आठवण. मुंबईच्या मैदानांच्या कट्ट्यांवर क्रिकेटच्या गप्पा ऐकलेल्या वाचकास हे परके वाटू नये. किंबहुना या आकड्यांचे मूळ क्रिकेटमध्येच आहे. हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला आणि न्यूयॉर्क परिसरात वाढलेला बातमीदार प्रथम क्रिकेटच्या बातम्या देई. क्रिकेटच्या धावपत्रकावरून त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेसबॉलच्या सामन्याचा छोटेखानी तक्ता बसविला. सामना न पाहिलेल्या माणसालाही तो तक्ता वाचून सामना डोळ्यांपुढे उभा करता येऊ लागला. हा चॅडविक जुगाराचा कडवा विरोधक होता, हेही येथे नोंदवून ठेवावे.

परंतु क्रिकेटच्या आणि बेसबॉलच्या सरासरीत एक फरक आहे. क्रिकेटची सरासरी धावा मोजते. बेसबॉलची सरासरी मुख्यतः अपयश मोजते, असे म्हटले तरी चालेल. दहांपैकी तीन वेळा फटका साधणारा फलंदाज उत्तम गणला जातो, म्हणजे उत्तम फलंदाजही दहांपैकी सात वेळा मान खाली घालून परततो. टेड विल्यम्सची १९४१ सालची कथा या चाहत्यांना तोंडपाठ असते. हंगामाच्या अखेरच्या दिवशी त्याची सरासरी ०.३९९५५ होती. न खेळता बसून राहिला असता तर तो आकडा पूर्णांकात आणून कागदोपत्री ०.४०० झाला असता. तो फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा फटके मारले आणि ०.४०६ वर हंगाम संपविला. पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीत नायक फलंदाज आहे की दशांश अपूर्णांक, असा प्रश्न पडावा!

आकड्यांचे हे वेड निव्वळ करमणुकीचे नाही. वर्णभेदामुळे ज्यांना मुख्य लीगची दारे बंद होती त्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्वतंत्र लीगांतील नोंदी संशोधकांनी आणि हौशी चाहत्यांनी जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींतून वर्षानुवर्षे वेचल्या. मे २०२४ मध्ये १९२० ते १९४८ या काळातील त्या नोंदी अधिकृत इतिहासात दाखल झाल्या आणि जॉश गिब्सन हा कारकिर्दीच्या ०.३७२ सरासरीने कॉबच्याही पुढे गेला. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये वारला. जॅकी रॉबिन्सनने त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी वर्णभेदाची भिंत फोडली, तोवर जवळजवळ तीन महिने उलटले होते. त्याला जे जिवंतपणी नाकारले गेले त्याचा अल्पसा हिशेब एका दशांशाने चुकता केला. १९७७ साली कॅन्सासमध्ये डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करणाऱ्या बिल जेम्सने स्वखर्चाने आकडेवारीची एक पुस्तिका काढली. तिच्या शंभर प्रतीही खपल्या नाहीत. पुढे त्याच जेम्सला बॉस्टनच्या संघाने सल्लागार नेमले आणि २००४ साली त्या संघाने शहाऐंशी वर्षांनंतर अजिंक्यपद मिळविले. पहारेकऱ्याच्या पेन्सिलीने तज्ज्ञांची मक्तेदारी मोडली, आणि यात कोणाचेही पैसे बुडाले नाहीत.

मग बिघडले कोठे?

गणना आणि जुगार यांचे नाते तसे जुनेच आहे. नलोपाख्यानातला ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे एका दृष्टिक्षेपात मोजतो, आणि जी विद्या त्याला झाड मोजण्यास उपयोगी पडते तीच फाशांचे रहस्यही उलगडते. त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत. महाभारतकारांना जे दिसले ते अमेरिकेतील बुकींना दिसले नसते तरच आश्चर्य. १८७७ सालीच लुइव्हिलच्या संघातील चार खेळाडू सामने विकल्यावरून कायमचे हाकलले गेले होते. १९१९ सालच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत शिकागोच्या 'व्हाइट सॉक्स' संघातील आठ खेळाडूंचे नाव जुगाऱ्यांशी जोडले गेले. ज्यूरीने १९२१ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. पण आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना जन्माचे वाळीत टाकले.

त्या आठांत 'अनवाणी' म्हणून ओळखला जाणारा जो जॅक्सन होता, आणि चाहत्यांचा शंभर वर्षांचा खल त्याच्याभोवती फिरत आला आहे. पाच हजार डॉलर घेतल्याचे त्याने प्राथमिक चौकशीत सांगितले. परंतु त्याच मालिकेत त्याने बारा फटके मारले. त्याची सरासरी ०.३७५ होती. पैसे घेऊन हरणारा असा खेळतो काय, असे त्याचे कैवारी विचारतात. ते फटके नेमके केव्हा आले तेही पाहा, असे त्याचे टीकाकार बजावतात. दोन्ही बाजू एकच तक्ता समोर धरतात आणि परस्परविरुद्ध निष्कर्ष काढतात. फटका मारणाऱ्याच्या मनात काय होते ते लिहिण्याची सोय चॅडविकच्या तक्त्यात नाही. चाहत्यांचा सगळा व्यवहार एका न लिहिलेल्या गृहीतावर उभा आहे. फलंदाजाचे सात वेळांचे अपयश हे प्रामाणिक अपयश आहे, हे ते गृहीत. ते काढून घेतले तर सरासरीला अर्थ उरत नाही. लँडिस यांची शिक्षा कठोर होती, काहींच्या बाबतीत अन्यायाचीही असेल. परंतु कशाचे रक्षण करावयाचे आहे हे त्यांना नीट कळले होते.

आजच्या धुरीणांना ते कळते काय, अशी शंका येते. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याला देशभर अटकाव करणारा १९९२ चा कायदा रद्द ठरविला. त्या खटल्यात सट्ट्याला विरोध करणाऱ्या वादींमध्ये बेसबॉलची संघटनाही होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच संघटनेने लास व्हेगासच्या एका बड्या जुगारगृह कंपनीशी भागीदारीचा करार केला! तेव्हापासून सामन्याच्या प्रक्षेपणात सट्टा कंपन्यांच्या जाहिराती नित्याच्या झाल्या. ज्या मैदानातील खोलीत एकविसावा नियम टांगलेला आहे त्याच मैदानात पैज लावण्याचे आमंत्रण झळकते. २०१५ पासून प्रत्येक मैदानावर चेंडूचा वेग, फिरकी, फटक्याचा कोन हे सारे यंत्रे टिपू लागली. ही माहिती आली होती अभ्यासासाठी. ती बाजारभाव ठरविण्याच्या कामी आली. चाहत्याचा आकडा घडून गेलेल्या गोष्टीची आठवण होता. बाजाराचा आकडा अजून न घडलेल्या गोष्टीची किंमत असतो.

याहून गंभीर बाब म्हणजे ही किंमत आता एकेका चेंडूवर येऊन ठेपली. पुढचा चेंडू अमुक वेगापेक्षा जलद की मंद, योग्य टप्प्यात की बाहेर, यावर पैज. संपूर्ण सामना विकावयाचा तर १९१९ साली आठ जणांची गरज भासली. एक चेंडू विकण्यास एक मनुष्य पुरतो, आणि त्याचा संघ जिंकला तरी बिघडत नाही. क्रिकेटच्या वाचकांना २०१० सालच्या लॉर्ड्स कसोटीतील ते ठरवून टाकलेले नो-बॉल आठवतील. जात तीच आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडच्या संघातील इमॅन्युएल क्लासे आणि लुईस ऑर्टिझ या दोन गोलंदाजांवर न्यूयॉर्कमधील संघीय सरकारी वकिलांनी असाच आरोप ठेवला. ठराविक चेंडू मुद्दाम टप्प्याबाहेर टाकावयाचे आणि पैज लावणाऱ्यांना आधी कळवावयाचे, असे त्याचे स्वरूप. दोघांनीही आरोप नाकारले, आणि आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे. परंतु संघटनेची प्रतिक्रिया बोलकी होती. एका चेंडूवरील पैजेला दोनशे डॉलरांची मर्यादा घालण्याचे तिने सट्टा कंपन्यांकडून कबूल करून घेतले. ज्या पैजेत फसवणूक सर्वांत सोपी ती पैज बंद करण्याऐवजी तिचा आकार ठरवून दिला! ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन यांच्याच सहीने त्या राज्यात सट्टा कायदेशीर झाला होता. अशा पैजा मुळातच बंद करा, अशी मागणी मात्र त्यांनी जुलै २०२५ मध्येच केली होती.

कायदेशीर सट्ट्याच्या समर्थकांची एक बाजू मात्र मान्य करावयास हवी. उघड बाजारात संशयास्पद पैजांची नोंद राहते, आणि त्या नोंदींवरूनच असे प्रकार उघडकीस येतात. १९१९ साली तशी सोय नव्हती. नुसत्या बंदीने सट्टा मरत नाही हे मुंबईला कोणी शिकवावे? येथला मटक्याचा आकडा एके काळी खुद्द न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर चाले. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तो काय साधतो ते काळ ठरवील. पण बंदी निरुपयोगी असली तरी भागीदारी आवश्यक ठरते असे नव्हे. पोलिसाने गुन्हेगारांची नोंद ठेवणे वेगळे आणि त्यांच्या दुकानात हिस्सा घेणे वेगळे.

आणि यात चाहत्याचे काय झाले? मे २०२५ मध्ये ह्यूस्टनचा गोलंदाज लान्स मॅकक्युलर्स याची एक खेळी फसली. त्या रात्री त्याच्या लहान मुलांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी माग काढला तेव्हा धमकी देणारा परदेशातला, पैजेत पैसे गमावलेला एक मनुष्य निघाला. पूर्वीचा चाहता फसलेल्या गोलंदाजावर चिडे, त्याला शिव्या घाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्यासाठी मैदानावर जाई. त्याला गोलंदाजाकडून काही येणे नसे. ज्याचे येणे आहे तो वसुलीस निघतो.

क्लीव्हलँडच्या आरोपपत्रात २८ मे २०२५ च्या एका चेंडूचा उल्लेख आहे. लॉस एंजेलिसच्या संघाविरुद्ध क्लासेने टाकलेला तो चेंडू ठरल्याप्रमाणे टप्प्याच्या बाहेर, खाली मातीकडे गेला, असे सरकारी वकिलांचे म्हणणे. पण फलंदाजाला मोह आवरला नाही. त्याने बॅट फिरविली आणि तो चुकला. फिरविलेली बॅट चुकली की चेंडू कोठेही पडो, तो 'स्ट्राइक' धरला जातो. पैज लावणारे हरले. मैदानात बसून पेन्सिलीने धावपत्रक भरणाऱ्या चाहत्याने त्या जागी गोलंदाजाच्या बाजूने एक खूण केली असेल. अधिकृत नोंदीतही तो स्ट्राइक म्हणूनच आहे.