सर्व्हरचं अपग्रेड करायला घेताय? आधी परतीचा रस्ता तपासा



तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्ती, नेटवर्किंग किंवा एएमसीचा व्यवसाय सुरू केला असेल किंवा करायच्या विचारात असाल, तर एक काम तुमच्याकडे लवकरच येणार आहे. आठ-दहा कॉम्प्युटरचं ऑफिस असतं. कोपऱ्यात एक सर्व्हर असतो. त्यावर टॅलीचा डेटा, कोटेशनं, डिझाइनं, सगळ्यांच्या फायली. मालक म्हणतो, "सर्व्हर फार स्लो झालाय, काहीतरी अपग्रेड मारा." तुम्ही बघता आणि लक्षात येतं की फाइल सिस्टिमच जुनी आहे. काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नसतं. दोन-तीन कमांड असतात. म्हणूनच नवीन माणूस इथे फसतो. मीही फसलो होतो, आणि ती गोष्ट आज सांगणार आहे.

फाइल सिस्टिम म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला कसं सांगाल?

मालकाला तांत्रिक भाषा कळत नाही, पण वही कळते. डिस्क म्हणजे गोदाम. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे, हे लिहून ठेवणारी वही म्हणजे फाइल सिस्टिम. माल जागेवर असला आणि वही फाटली, तर माल असून नसल्यासारखा.

लिनक्स सर्व्हरवर पूर्वी ईएक्सटी-३ ही फाइल सिस्टिम सर्रास असायची. तिच्यात जर्नल असतं. आपल्या हिशेबात आधी रोजकीर्द लिहितात, मग खतावणी करतात, तसंच हे. मधेच लाइट गेली तरी रोजकीर्दीवरून खतावणी जुळवता येते. पुढे ईएक्सटी-४ आली आणि डिसेंबर 2008 मध्ये लिनक्सच्या 2.6.28 आवृत्तीत ती वापरायला पक्की म्हणून जाहीर झाली. तिच्यात मोठ्या फायलींची नोंद ठेवायची पद्धत सुधारली. ईएक्सटी-३ मध्ये एक फाइल साधारण 2 टीबीपर्यंतच जाते, ईएक्सटी-४ मध्ये 16 टीबीपर्यंत. डिस्कची तपासणीही बरीच लवकर होते.

विंडोजच्या बाजूला असाच बदल म्हणजे फॅट-३२ वरून एनटीएफएसवर जाणं. फॅट-३२ मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा 2011 चा रविवार

तेव्हा मी सांगलीत एएमसीची कामं करायचो. एका लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्या स्टुडिओचा सर्व्हर माझ्याकडे होता. मिनी-डीव्ही टेपवर शूटिंग व्हायचं, ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि एडिटिंग चालायचं. त्या फॉरमॅटमध्ये एका तासाचं शूटिंग साधारण 13 जीबी होतं. लोडशेडिंगचे दिवस. सर्व्हर मधेच बंद पडला की चालू करताना डिस्कची मोठी तपासणी निघायची आणि मुलं दोन-दोन तास बसून राहायची. मालक वैतागले होते. मी म्हटलं, ईएक्सटी-४ करून देतो, तपासणी लवकर होईल.

रविवारी काम धरलं. रविवारी आमच्याकडे लाइट जायची पाळी नव्हती. बॅकअप होता. रोज रात्री सगळ्या फायली एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी व्हायच्या. मी ती डिस्क उघडून बघितली. सगळी फोल्डर होती, फायलींची नावं होती, चार फोटो उघडून पाहिले. झालं, बॅकअप ओके.

मग आहे त्याच डिस्कवर बदल सुरू केला. कमांड दिली, पुढची सक्तीची तपासणी चालू झाली, आणि लाइट गेली. पाळी नसताना गेली. यूपीएसची बॅटरी जुनी होती, तिने काही मिनिटांत मान टाकली.

सर्व्हर परत चालू केल्यावर अर्धी फोल्डर दिसेनात. बऱ्याच फायली 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांची नावं घेऊन पडल्या होत्या. मी मालकांना म्हटलं, "काळजी करू नका दादा, बॅकअप आहे."

बॅकअपची डिस्क फॅट-३२ होती. प्रत्येक मोठी फाइल 4 जीबीला तुटलेली होती. नाव बरोबर, आत माल अर्धवट. कॉपी करणारी स्क्रिप्ट रोज रात्री 'फाइल फार मोठी आहे' अशी चूक लॉगमध्ये लिहीत होती. तो लॉग कधी कोणी उघडलाच नव्हता. तो उघडणं माझं काम होतं.

एडिटिंग बाकी असलेली तीन लग्नं होती. दोघांच्या फायली त्या आकड्यांच्या ढिगातून, एकेक चालवून बघत, चार रात्री जागून काढल्या. तिसऱ्याच्या मिळाल्या नाहीत. टेप पुढच्या लग्नाला वापरली गेली होती. बॅकअपच्या तुटलेल्या फायलींवर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर लावल्यावर प्रत्येक तासातली पहिली अठरा-एकोणीस मिनिटं हाती आली. ज्या फाइलमध्ये मंगलाष्टका होत्या, तिच्यात पाहुणे मांडवात येऊन बसतात तिथपर्यंतच होतं. अक्षता पडल्याच नाहीत.

मालक आणि मी मुलीच्या घरी गेलो. तिचे वडील आम्हाला काहीच बोलले नाहीत. आतून चहा आला. मग ते म्हणाले, "फोटो तरी आहेत ना?" फोटो होते. नातेवाइकांच्या मोबाइलमधले तुकडे गोळा करून, फोटो जोडून जे करता आलं ते करून दिलं. मालकांनी उरलेले पैसे घेतले नाहीत. माझी एएमसी संपली, आणि ते बरोबरच होतं.

हे फक्त छोट्यांचंच होतं असं नाही

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरने रात्री उशिरा काम करताना चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. परत आणायला गेले, तर बॅकअप आणि कॉपीच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. एका बॅकअपचं काम आधीपासूनच अपयशी होत होतं आणि त्याची सूचना देणाऱ्या ईमेल कोणाला पोहोचतच नव्हत्या. एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने एक कॉपी घेतली होती, त्यावर निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं. माझ्या लॉगची आणि त्यांच्या ईमेलची गोष्ट एकच आहे. बॅकअप रोज चालतो, यावरून तो परत आणता येतो हे सिद्ध होत नाही.

मग हे काम कसं करायचं?

एक. आहे त्या डिस्कवर बदल करू नका, शक्य असेल तर नवीन डिस्क घ्या. फाइल सिस्टिमचे बरेच बदल एकेरी रस्त्यासारखे असतात. विंडोजमध्ये फॅट-३२ चं एनटीएफएस एका कमांडने होतं, पण उलट यायला फॉरमॅट करावं लागतं. झेडएफएसवर पूलचं अपग्रेड केलंत की जुन्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर तो पूल उघडेलच याची खात्री राहत नाही, आणि अपग्रेड मागे घेता येत नाही. शिवाय ईएक्सटी-३ जागच्या जागी ईएक्सटी-४ केली तरी आधीच्या फायली जुन्याच पद्धतीने राहतात, त्या पुन्हा लिहिल्या जाईपर्यंत. म्हणजे जोखीम पूर्ण, फायदा अर्धा. नवीन डिस्कवर नवीन फाइल सिस्टिम बनवा, फायली कॉपी करा आणि जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा. ती डिस्क हाच तुमचा परतीचा रस्ता.

दोन. बॅकअप उघडून बघू नका, परत आणून बघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअपमधून सगळ्यात मोठी फाइल, सगळ्यात जुनी फाइल आणि टॅलीची एक कंपनी आणा. फाइल शेवटपर्यंत चालवा. टॅलीत मागच्या महिन्याची ट्रायल बॅलन्स काढा आणि अकाउंटंटला दाखवा. हे झाल्याशिवाय सर्व्हरला हात लावायचा नाही. आणि आरसाप्रमाणे दोन डिस्क चालवणारं रेड असलं तरी तो बॅकअप नाही. एका डिस्कवरून फाइल पुसली की दुसरीवरूनही पुसली जाते.

तीन. वेळेचं गणित आधी मांडा. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला जास्तीत जास्त 125 एमबी जातात. हिशेबाला 100 धरा. 2 टीबी डेटाला 20,000 सेकंद, म्हणजे साडेपाच तास. लहान लहान फायली लाखांनी असतील तर यापेक्षा जास्त. कॉपीनंतर पडताळणीला पुन्हा तेवढाच वेळ धरा. म्हणजे शनिवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सुरू केलं, तर रविवार हाताशी राहतो.

चार. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा माल जुळवा. आरसिंकसारख्या साधनात चेकसमने तुलना करायची सोय आहे. नावं आणि तारखा न बघता फाइलच्या आतला मजकूर जुळवला जातो. चुकांचा लॉग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

पाच. मराठी नावांच्या फायली बघा. हे फार कमी लोकांना माहीत असतं. ईएक्सटी-४ मध्ये फाइलचं नाव 255 बाइटपर्यंतच चालतं आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार यांचाही वेगळा हिशेब होतो. म्हणजे साधारण 85 चिन्हं झाली की नाव संपलं. विंडोजच्या एनटीएफएसवर ही मर्यादा 255 चिन्हांची आहे. त्यामुळे विंडोज सर्व्हरवरून लिनक्सवर जाताना देवनागरीतल्या फार लांबलचक नावांच्या फायली मागे राहू शकतात.

सहा. डिस्कवर चिठ्ठी चिकटवा: 'जुनी, हात लावू नये' आणि 'नवीन'. कमांड देण्याआधी डिस्कचा सीरियल नंबर वाचून बघा. थकल्यावर चूक इथेच होते. आणि यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी लोड देऊन तपासा. कसं ते विचारायला मला सांगली आठवते.

कोटेशनमध्ये काय लिहाल?

इथे नवीन उद्योजक स्वतःचं नुकसान करतो. 'सर्व्हर अपग्रेड, एक नग' असं लिहितो आणि दोन कमांडचे पैसे मागतो. मग तपासणीचा वेळ स्वतःच्या खिशातून जातो, आणि खिशातून जातो म्हणून तपासणी होत नाही. माझ्याकडून त्या रविवारी तेच झालं होतं.

म्हणून कामाचे भाग पाडा. नवीन डिस्कची किंमत वेगळी. बॅकअप परत आणून दाखवण्याचे तास वेगळे. कॉपी आणि पडताळणी वेगळी. सोमवारी सकाळी ऑफिस उघडल्यापासून दोन तास जागेवर हजर राहणं वेगळं. प्रत्येक टेबलावरून शेअर फोल्डर उघडतंय का, टॅली चालते का, प्रिंट निघते का, कोणाला नको ते फोल्डर दिसत नाही ना, हे तेव्हाच कळतं. जुनी डिस्क एक महिना पुसायची नाही, हेही लिहा आणि मालकाची सही घ्या.

मालक म्हणेल, "एवढं कशाला? दुसरा निम्म्यात करतोय." तेव्हा वाद घालू नका. एकच विचारा: "साहेब, हा डेटा गेला तर काय होईल?" त्याला आठवण करून द्या की जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून 72 महिने सांभाळायची आहेत. सहा वर्षं. त्यातली बरीचशी आता त्या कोपऱ्यातल्या डब्यातच आहेत. तरीही तो निम्म्यातच मागत असेल, तर काम सोडा. सोडलेल्या कामाचं नुकसान आकड्यात मोजता येतं. बिघडलेल्या कामाचं येत नाही.

या आठवड्याचं तुमचं काम

नवीन गिऱ्हाईक मिळण्याची वाट बघू नका. आज स्वतःच्या घरच्या किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरचा बॅकअप घ्या आणि दुसऱ्या मशीनवर तो परत आणून दाखवा. किती वेळ लागला, काय राहिलं, काय उघडलं नाही, हे वहीत लिहा. ते पान पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवा. तुमच्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा त्या पानावर त्याचा विश्वास जास्त बसेल.

स्टुडिओच्या मालकांनी तीन वर्षांनी मला पुन्हा फोन केला. नवीन सर्व्हर घ्यायचा होता. मी गेलो, तर टेबलावर दोन डिस्क काढून ठेवल्या होत्या. म्हणाले, "आधी ह्यातलं परत आणून दाखव, मग बोलू." मी बसलो आणि सगळ्यात मोठी फाइल शेवटपर्यंत चालवून दाखवली. ते शेजारी खुर्ची घेऊन पूर्ण बघत बसले होते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!